बिल आलं म्हणजे बरोबरच असतं असं नाही

(प्रभागसंघाच्या सभेत एका सदस्य ताईंनी घरपट्टीविषयी केलेलं भाषण. अनेक ताईंनी मागणी केल्यामुळे इथे देत आहोत.)



मला माईकवर बोलायची सवय नाही. पण मागच्या बैठकीत पाच-सहा जणींनी पिशवीतून घरपट्टीची बिलं काढली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही केलं तसं आम्हाला सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

माझं घर दगड-मातीचं, वर पत्रा. सासऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या खोलीत मी शेवयांचं मशीन टाकलंय, गटाच्याच कर्जातून. आधी घरपट्टी सव्वादोनशेच्या आसपास यायची. नवीन आकारणी झाली आणि बिल आलं 1,502 रुपयांचं. दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी वेगळी. घरचे म्हणाले, "सरकारी कागद आहे, भरून टाक. गावात वैर कशाला?" मलाही तेच वाटलं. गटात कर्ज मागितलं. आमच्या सचिव ताई वही उघडून म्हणाल्या, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, घरपट्टी. त्या थांबल्या. म्हणाल्या, "एवढी? आधी बिल तरी वाचू या."

ताईंनो, त्या दिवशी कळलं की मी बिलावरचा शेवटचा आकडा सोडून कधी काही वाचलंच नव्हतं.

घरपट्टी कशी ठरते ते साध्या शब्दांत सांगते. ग्रामपंचायत घराचं भांडवली मूल्य काढते. त्यात पाच गोष्टी बघतात. घराचं क्षेत्रफळ किती. जागेचा दर काय. बांधकाम कशाचं, म्हणजे मातीचं, दगड-विटांचं की स्लॅबचं. घर किती जुनं, कारण जुन्या घराला घसारा धरून किंमत कमी होते. आणि वापर कशासाठी. राहत्या घराला भारांक 1, व्यवसायाच्या जागेला 1.25. या पाचांतली एक नोंद चुकली की आकडा चुकतो. माझ्या तर तीन चुकल्या होत्या.

मी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना 8 चा उतारा काढला. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, बिल तिच्यावरूनच तयार होतं. उताऱ्यावर माझं घर आरसीसी लिहिलेलं. लांबी-रुंदी 32 फूट बाय 24. आणि सगळं घर वाणिज्य वापराचं! एका खोलीत मशीन आहे म्हणून स्वयंपाकघर, झोपायची खोली, देव्हारासुद्धा दुकान झालं.

गटातल्या दोघी जणी टेप घेऊन आल्या. मोजलं तर घर भरलं 24 बाय 22. म्हणजे 528 चौरस फूट. नोंदीत होतं 768. मोकळं अंगणही कुणीतरी घरात धरलं होतं. मशीनची खोली फक्त 10 बाय 12.

मग मी हरकतीचा अर्ज लिहिला. "बिल फार जास्त आहे, गरिबावर दया करा" असं लिहिलं नाही. ताईंनो, हे लक्षात ठेवा. दया मागितली की समोरचा 'बघू' म्हणतो. चूक दाखवली की त्याला उत्तर द्यावं लागतं. मी एकाखाली एक लिहिलं: नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा काय जोडला आहे. घराचे चारही बाजूंनी फोटो, मोजमापाचा कागद, जुन्या पावत्या. शेवटी मागणी: जागेवर येऊन फेरमोजणी करावी आणि नोंद दुरुस्त करावी.

अर्ज दोन प्रतींत केला. एक दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, पोच कशाला? मी बघतो ना." मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्यावर विश्वास आहे, पण उद्या तुमची बदली झाली तर?" ते हसले आणि शिक्का दिला. भांडण झालं नाही. वैर तर अजिबात झालं नाही.

फेरमोजणी झाली. क्षेत्रफळ दुरुस्त झालं, आरसीसी काढून दगड-माती लिहिलं. मशीनची खोली मात्र व्यवसायातच राहिली. ते मला मान्य करावं लागलं, कारण ते खरं आहे. नवीन आकडा आला 252. तो मी त्याच दिवशी भरला आणि नमुना 10 ची पावती घेतली. गटातून कर्ज उचलावं लागलं नाही.

पण सगळ्यांचं असं होत नाही. आमच्याच गटातल्या एका ताईंनी बिल डब्यात ठेवलं. हरकतीची मुदत गेली. आता त्या चुकीच्या आकड्यावर थकबाकी चढतेय, आणि दाखला मागायला गेलं की आधी थकबाकी भरा म्हणतात. आकारणी दर चार वर्षांनी होते. एकदा चूक बसली की ती वर्षानुवर्षं आपल्या मानगुटीवर राहते. म्हणून नोटीस हातात आली की पहिल्यांदा तिच्यावरची मुदत बघा आणि कॅलेंडरवर गोल करा.

ग्रामपंचायतीनं ऐकलं नाही तर? तर दार बंद होत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये पंचायत समितीकडे अपील करायची सोय आहे. त्याही निर्णयाने समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येतं. अपिलासोबत बिल, नमुना 8 चा उतारा, हरकतीची पोच आणि मिळालेलं उत्तर जोडा. कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना ती फीसुद्धा नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. एक सावधगिरी: अपील केलं म्हणजे वसुली आपोआप थांबली असं समजून बसू नका. भरण्याबाबत काय करायचं ते लेखी विचारून घ्या.

दोन गोष्टी बायकांच्या म्हणून सांगते. पहिली, नमुना 8 वर तुमचं नाव आहे का? घर दोघांचं असेल तर पतीबरोबर पत्नीचंही नाव लागतं. माझं नाव होतं, म्हणून मी स्वतःच्या सहीनं अर्ज केला. नसतं तर "मालकाला पाठवा" असं ऐकून परत यावं लागलं असतं. दुसरी, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. तिथे कर आकारणीचा विषय मांडा. एकटी बाई बोलली तर तक्रार वाटते, वीस जणी बोलल्या तर ठरावात येतं.

तुमच्यापैकी कुणी माजी सैनिकाची विधवा असेल तर राहत्या घराच्या करमाफीची चौकशी जरूर करा.

आणि एक स्पष्ट बोलते. मी कर बुडवा म्हणायला उभी नाही. रस्त्यावरचा दिवा, नळाचं पाणी, गटार यांना पैसा लागतो आणि त्यात आपल्या करांचाही वाटा असतो. ज्या ताईंनी वर मजला चढवला, गाळा भाड्यानं दिला, त्यांचं बिल वाढणारच. ते भरायचं. आपलं म्हणणं एवढंच की आहे तेवढं लावा, नाही ते लावू नका.

आपण गटात दर महिन्याला पै-पैचा हिशेब वाचून दाखवतो. दहा रुपये कमी पडले तरी वही पुन्हा तपासतो. मग आपल्या घराच्या बिलाचा हिशेब न वाचता का भरायचा?

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरपट्टीचं बिल आणि नमुना 8 चा उतारा आणा. टेप मी आणते. एकमेकींची घरं मोजू. ज्यांचं बरोबर आहे त्या भरतील. ज्यांचं चुकलंय त्यांचा अर्ज तिथेच बसून लिहू.