थर्मामीटर कुणाच्या हातातून?
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर विषय छापलाय 'आरोग्यसेवा'. त्यातला 'सेवा' हा शब्द मी आधीच बाजूला काढते. मनूने शूद्राला तेवढं एकच काम ठेवलं होतं. ती पोथी 25 डिसेंबर 1927 ला महाडात जळाली. मी करते ते शिकून मिळवलेलं काम. मी नर्स आहे, मुलांच्या तपासणीच्या फिरत्या पथकात. गाडीत वजनकाटा, उंचीची पट्टी, दंड मोजायची फीत, औषधाची पेटी. वस्ती, तांडा, शाळा, अंगणवाडी. माझा वॉर्ड रोज बदलतो.

1929 सालची एक हकीगत ऐका. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दिलीय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. फी दोन रुपये, तिलाही जामीन लागला. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासकट वस्तीबाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत आलं ते त्याच वाटेनं. निदान झालं न्यूमोनिया. बाई मेली.

आज मी थर्मामीटर स्वतःच्या हातानं पोराच्या काखेत लावते. म्हणजे सगळं संपलं? वरच्या आळीत पोर मांडीवर देण्याआधी विचारतात, "सिस्टर, आडनाव काय?" मी सांगते. पोर तापानं फणफणलेलं असतं, म्हणून देतात. नंतर चहा येतो. डॉक्टरांना कपबशीत, मला कागदी पेल्यात. ताप उतरवायला माझा हात चालतो, कपाला चालत नाही!

पण माझा पेला ही लहान गोष्ट आहे. मोठी पुढे आहे.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंत तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला विलंब, सगळं शोधायचं आणि पुढचा उपचार फुकट. योजना वाईट नाही. मी तिच्या बाजूची आहे. पण योजना धरून चालते की पोर गावातच राहतं.

आपलं पोर गावात राहतं का? दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यांतून माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराचं नाव गावच्या रजिस्टरात आणि पोर उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर. ते नऊ महिने फडातच भरले तर?

सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला आम्ही फीत लावतो. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. मी चिठ्ठी लिहिते, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. आई म्हणते, "बाई, उचल घेतलीय. मुकादम सोडंल व्हय? खाडा कोण भरंल?" मग रजिस्टरात शेरा पडतो : 'पालकांचा नकार'. अरे, नकार कुणाचा? आईचा की मुकादमाचा? त्या रजिस्टरात मुकादमाचा रकानाच नाही. 1929 चा डॉक्टर निदान समोर तरी दिसत होता. आता वस्तीबाहेर उभं राहणारं कुणी दिसत नाही, फक्त शेरा दिसतो.

तुम्ही शहरातली शिकलेली पोरं. घोषणा देता, द्या. पण महिन्यातून एक दिवस वजनाच्या वेळी अंगणवाडीत जाऊन बसा. आपल्या वस्तीतली किती पोरं आली, कोण नाही, मोजा. फडावर निघणाऱ्या आईच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आहे का बघा. त्या कार्डावर कुठल्याही सरकारी केंद्रात लस फुकट मिळते, तिला सांगा. कुणी केंद्राच्या दारात जातीवरून अडवलं तर कायदा वाचून दाखवा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र नावानिशी आलंय. आणि 'पालकांचा नकार' असा शेरा दिसला की विचारा, आईला कुणी सोडलं नाही? त्याचं नाव लिहा. गावात लिहा, तहसीलला लिहा, आपल्या अंकात छापा.

मी फीत लावीन. ती खरंच बोलते. तिचं बोलणं चव्हाट्यावर आणायचं काम तुमचं.

जयभीम.