बर्फ आणि बांध
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘जपानचे अनुभव’ सांगायला उभं केलंय. बुलेट ट्रेनबद्दल मी बोलणार नाही. तिचं काम आता आपल्या पालघर-बोईसरकडेच सगळ्यांना दिसतंय. मी बोलणार आहे फावड्याबद्दल.

नोकरीत असताना एका हिवाळ्यात मला प्रशिक्षणासाठी निगाता प्रांतात पाठवलं होतं. राहायची सोय डोंगराकडच्या एका लहान गावात होती. भूगोलाच्या तासाला सर फळ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बाण काढायचे, आठवतंय? वारे समुद्रावरून बाष्प आणतात, सह्याद्रीला अडतात आणि जव्हार-मोखाड्याला झोडपून काढतात. तिथे हेच थंडीत होतं. सायबेरियाकडून येणारे गार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, डोंगराला अडतात आणि पावसाऐवजी बर्फ टाकतात. रात्री झोपताना अंगण दिसायचं, सकाळी दार उघडायची पंचाईत.

ताजा बर्फ कापसासारखा दिसतो. पण साचून दबला की एका घनमीटरचं वजन ३०० किलोच्या वर जाऊ शकतं. छपरावर तसाच ठेवला तर घर बसण्याची भीती. म्हणून वर चढून तो खाली ढकलायचा. या कामाला ‘युकीओरोशी’ म्हणतात. दर हिवाळ्यात हे काम करताना घसरून किंवा बर्फाखाली सापडून माणसं दगावतात, आणि त्यांत बहुतेक पासष्टीच्या पुढची असतात. मुलं नोकरीसाठी शहरात गेलेली, गावात म्हातारे उरलेले.

म्हणून तिथे सांगतात, एकट्याने चढू नका. सकाळी पाच-सहा जण जमायचे. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर, खाली एक जण लक्ष ठेवायला. आधी एकट्या राहणाऱ्या आजीचं घर, मग पुढचं. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. त्यांच्याकडे याला जुना शब्द आहे, ‘युई’. शिराकावा गावातली गवताची मोठी छपरंही याच रीतीने शाकारत आले आहेत.

मला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. मनोरच्या पुढे आमच्या पाड्यावर भाताची आवणी अशीच व्हायची. आज एकाचं शेत, उद्या दुसऱ्याचं. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. घाटावर याला इर्जिक म्हणतात, कुठे सावड म्हणतात. आणि पाऊस संपला की सगळे मिळून ओहोळावर दगडमातीचा बांध घालायचे. आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वापरतात, वनराई बंधारा म्हणतात. गोण्या मातीने भरायच्या, तोंड सुतळीने शिवायचं, विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे आणि फटींत चिखल दाबायचा. मग विहिरीचं पाणी थोडं जास्त टिकतं, गुरांची सोय होते, कुणी थोडा भाजीपाला काढतो.

पुढच्या पावसात तो बांध वाहून जातो. बर्फही पुढच्या हिवाळ्यात परत पडतो. ही कामं एकदा करून सुटका होत नाही. दरवर्षी माणसं लागतात.

आता माझी गोष्ट सांगतो. बोईसरला घर घेतल्यावर माझं बांधाला जाणं सुटलं. सुरुवातीला शिफ्टचं कारण होतं, नंतर कारणही लागेना. मी पैसे पाठवायचो. पोरांनी जेवण करावं, गोण्या आणाव्यात. मला वाटायचं, माझा वाटा पोचला.

त्या जपानी गावातही न येणाऱ्या घराने ठरावीक रक्कम भरायची रीत होती. एका संध्याकाळी चहा घेताना माझे घरमालक म्हणाले, “पैसे भरणारे वाढले. फावडी कमी झाली.” ते सत्तरीचे होते आणि सकाळीच छपरावरून उतरले होते. मी मान खाली घातली.

परत आल्यावर घरी फोन केला. काका म्हणाले, “बाळा, यंदा बांध झाला नाही. तुझे पैसे आहेत तसेच आहेत. गोण्या आणल्या, पण उचलायला चार म्हातारे आणि दोन बायका.” त्या वर्षी विहीर लवकर आटली. माझी काकू लांबून हंडे आणत होती, आणि मी इकडे नळाखाली गाडी धूत होतो. ते अजून टोचतं.

आज इथे भेटवस्तूसाठी, रंगरंगोटीसाठी वर्गणीची यादी फिरते आहे. जरूर द्या, मीही दिली आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच वाघोबा खिंड ओलांडून, एसटीने या शाळेत यायचे. त्या पाड्यांवर आज आपले आईवडील, काका-काकू आहेत, आणि आपण नाही.

म्हणून दुसरी एक यादी मी दाराशी ठेवली आहे. तिच्यात रकमेचा रकाना नाही, फक्त नाव आणि फोन. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला मनोर नाक्यावर जमायचं. वर्गातल्या ज्याच्या पाड्याला गरज असेल, तिथे यंदा पहिला बांध. पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, आणि पहिल्या पाड्यावरही परत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सुतळी ओवावी. शिक्षकांनी फक्त हजेरी घ्यावी. सर, तुमच्या हजेरीला आम्ही अजून घाबरतो.

जेवण काकूकडे आहे. तिने विचारलंय, किती जणांचा भात टाकू?