मीठ किती, आणि ते ठरवणार कोण?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजच्या सत्राचा विषय पत्रिकेवर 'दैनंदिन आहारातील सोडियम व त्याचे आरोग्यावरील परिणाम' असा छापलाय. जेवणानंतरच्या सत्राला असं नाव दिलं की निम्म्या जणींच्या डोळ्यांवर झापड येते, मला माहीत आहे. तेव्हा आपण सरळ मीठ म्हणू या. मिठाबद्दल तुम्हाला मी नवीन काय सांगणार? चिमटीत किती घ्यायचं ते तुमच्या बोटांना कळतं. माझ्याकडे समाजकार्याची पदवी आहे, पण आमटीचा नुसता वास घेऊन 'मीठ कमी पडलंय गं' म्हणणाऱ्या बायका मला वस्तीतच भेटल्या.

तरी हा विषय मी मागून घेतला, त्याचं कारण असं. आपल्या वस्त्यांमधून आता बी.पी. तपासणीची शिबिरं होतात. चांगली गोष्ट आहे. ज्याचं बी.पी. वाढलेलं निघतं त्याला गोळ्या मिळतात आणि एक कागद मिळतो. कागदावर पहिल्या दोन-तीन ओळींत कुठंतरी असतंच : मीठ कमी करा. आता बघा, बी.पी. असतं नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, पण हे वाक्य उच्चारताना डॉक्टर बघतात बाईकडे. तिनं मान डोलवायची. स्वयंपाक ती करते, म्हणजे मीठ तिच्या हातात, असा सगळ्यांचा समज. डबा तिच्या हाताशी असतो हे खरं आहे. पण त्यातलं किती काढायचं हे ठरवायची मुभा तिला असते का, हे त्या कागदावर कुठंच नसतं.

त्याकडे मी येणारच आहे. आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ, कारण वस्तीत गेल्यावर लोक तेच पहिल्यांदा विचारतात.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. सोडियम शरीराला लागतंच. शिरा, स्नायू, शरीरातल्या पाण्याचा तोल, सगळं त्याच्यावर चालतं. लेकराला जुलाब होतात तेव्हा आपण जलसंजीवनी देतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तिथं मीठच जीव वाचवतं. म्हणून 'मीठ म्हणजे विष' असं सांगत सुटू नका. प्रश्न प्रमाणाचा आहे.

जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. रोज गरजेपेक्षा जास्त आलं की ती पुरी पडत नाहीत. मीठ पाणी धरून ठेवतं, हे आपल्याला पावसाळ्यात मिठाच्या बरणीवरून कळतंच. शरीरातही तसंच. रक्तात पाणी वाढतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या कडक होत जातात. यात दुखत काही नाही. डोकं दुखलं तरच बी.पी., असं लोकांना वाटतं. बहुतेकांना काहीही होत नसतं. एक दिवस लकवा मारतो, नाहीतर छातीत कळ येते, नाहीतर मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. चहाचा छोटा चमचा सपाट भरला तर त्याहून किंचित कमी. स्वयंपाकातलं, लोणच्या-पापडातलं, बाहेर खाल्लेलं, सगळं धरून. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये जी राष्ट्रीय पाहणी झाली तिच्यात मोठ्या माणसांचं सरासरी मीठ दिवसाला ८ ग्रॅम निघालं. पुरुषांचं ९च्या जवळ, बायकांचं ७च्या आसपास. आणि २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांत एकवीसजणींना वाढलेला रक्तदाब आहे किंवा त्या त्यासाठी गोळ्या घेतात. पुरुषांत चोवीस. आज या हॉलमध्ये आपण साठेकजणी आहोत. सरासरीनं बाराजणी इथंच बसल्यात. त्यातल्या किती जणींना ते माहीत आहे?

पाळी जाऊ लागली की बाईचं बी.पी. चढायला लागतं, आणि साठीनंतर ती पुरुषाला गाठते किंवा मागे टाकते. म्हणजे नेमकं ज्या वयात 'आता काय व्हायचंय मला' असं म्हणत ती स्वतःची तपासणी टाळते, त्या वयात.

आता घरातलं मीठ मोजायची एक सोपी युक्ती. चिमटी मोजायची नाही, ताजवा लागत नाही. फक्त विचारायचं : महिन्याला मिठाच्या किती पिशव्या आणता? पाच मोठ्या माणसांचं घर असेल तर दिवसाला २५ ग्रॅम, महिन्याला पाऊण किलो. एक किलोची पिशवी महिना पुरून उरायला हवी. दोन पिशव्या लागत असतील तर माणशी तेरा ग्रॅम झाले. थोडं भांड्याला, पिठाला, लोणच्याला गेलं असेल, लहान मुलं असतील. हिशेब काटेकोर नाही. पण वस्तीतल्या बायकांना पिशवीची भाषा लगेच कळते. मिलिग्रॅम सांगितलं की त्या सौजन्यानं हसतात.

इंग्लंड-अमेरिकेत लोकांच्या पोटात जाणारं बहुतेक मीठ कारखान्यात बनलेल्या खाण्यातून येतं. त्यामुळं तिथं मागणी कारखानदारांकडं करता येते. आपल्याकडं पाकिटबंद खाणं झपाट्यानं वाढतंय, तरी अजून मोठा वाटा घरच्या चुलीवरचाच आहे. आणि तो का जास्त आहे हेही बघा. ज्या घरात आठवड्यात दोनदाच भाजी येते तिथं भाकरी कशाशी खायची? ठेच्याशी, चटणीशी, खाऱ्या सुकटीशी, लोणच्याच्या खाराशी. तोंडाला चव यायला हवी आणि भाकरी जास्त गेली पाहिजे, तर मीठ-मिरचीशिवाय इलाज नाही. 'मीठ-भाकर खातो' हे आपण उगाच म्हणत नाही. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर कालवण संपलेलं असतं, तेव्हा तव्यात उरलेल्या ठेच्याशी जेवते ती बाई. तिला 'आहारात फळं व पालेभाज्या वाढवा' असा सल्ला देताना मला तरी लाज वाटते. फळा-भाज्यांतल्या पोटॅशियमचा बी.पी.ला खरोखर फायदा होतो, हे मला ठाऊक असूनही.

मिठाशिवायही सोडियम येतं, आणि ते जिभेला कळत नाही. पापडखार, खायचा सोडा, अजिनोमोटो ही सगळी सोडियमचीच रूपं. खाण्याच्या सोड्याच्या एका छोट्या चमच्यात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं, दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. भज्यांत, ढोकळ्यात थोडा पडतो, त्याचं एवढं नाही. पण अ‍ॅसिडिटीवरची फसफसणारी पावडर घ्या. तीही सोडाच, एका पुडीत आठशे मिलिग्रॅमच्या आसपास. रोज पुडी घेणाऱ्या किती बायका आहेत आपल्याकडं! सकाळी चहावर निघायचं, दुपारी तीनला जेवायचं, वर आठवड्याला दोन उपास. जळजळणार नाही तर काय? पाण्यात विरघळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्यांतही सोडियम भरपूर असतं. बी.पी. असलेल्या बाईला विचारताना 'लोणचं खाता का' एवढ्यावर थांबू नका, 'पुडी घेता का' हेही विचारा. आणि पुढं, जेवता किती वाजता, हेही.

पाव, बिस्किटं, खारी, शेव-फरसाण, झटपट नूडल्स. नूडल्सच्या एका लहान पाकिटात दिवसाच्या मर्यादेचा साधारण तिसरा हिस्सा संपतो. पाकिटाच्या मागं सोडियमचा आकडा छापणं आता कायद्यानं बंधनकारक आहे, पण तो बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. वस्तीतल्या शाळकरी मुलींना हे काम द्या. सोडियमच्या आकड्याची अडीचपट केली की मीठ किती ते निघतं. मुलींना हा खेळ आवडतो.

आता मुद्द्याचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न असतो. नवऱ्यानं बायकोला मारणं कोणकोणत्या कारणासाठी योग्य वाटतं? यादी वाचून दाखवतात. न सांगता बाहेर गेली, घराकडं-मुलांकडं दुर्लक्ष केलं, उलट बोलली, आणि त्यातच : स्वयंपाक नीट केला नाही. सरकारी प्रश्नावलीत हे कारण आलंय, कारण घराघरांत ते आहे. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलेलं आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय, हात वर करायला सांगत नाही. 'मीठ कमी करा' असं आपण ज्या बाईला सांगतो, ती रोज संध्याकाळी ते ताट पुढं करणार असते.

माझ्या कामाच्या वस्तीत एक बाई आहेत. नवऱ्याचं बी.पी. एकशेसत्तरच्या वर. दवाखान्यात सांगितल्याप्रमाणं त्यांनी मीठ कमी केलं. तिसऱ्या दिवशी ताट अंगणात. सासू म्हणाली, 'हिला माझ्या लेकाला उपाशी मारायचंय.' मग यांनी तोडगा काढला : नवऱ्याला आणि मुलांना पहिल्यासारखं, सासऱ्यांना वेगळं अळणी. सासऱ्यांनाही बी.पी. होतंच. दोन पातेली, दुप्पट रॉकेल-गॅस, दुप्पट भांडी. आणि शेवटी जेवताना ज्या पातेल्यात उरलेलं असेल ते यांच्या ताटात. पुढं आम्ही त्यांचं बी.पी. मोजलं तर एकशेसाठ-शंभर. त्यांच्यासाठी तिसरं पातेलं कुणी चढवलं नाही.

काही डॉक्टर सुचवतात, 'घरी सांगू नका, हळूहळू गुपचूप कमी करा.' पहिला अर्धा भाग बरोबर आहे. मीठ एकदम तोडलं तर जेवण घशाखाली उतरत नाही. थोडं थोडं कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते, मग आधीचंच खारट लागायला लागतं. पण 'गुपचूप' मला पटत नाही. कळलं तर मार तिला, आणि नवऱ्यानं स्वतःच्या दुखण्याची जबाबदारी कधी घ्यायचीच नाही. आम्ही आता असं करतो : ज्याचं बी.पी. त्यालाच सांगायचं. तो येत नसेल तर आपण जायचं. संध्याकाळी नाक्यावर, रिक्षा स्टँडवर, भजनी मंडळात मशीन घेऊन बसायचं. पुरुष कार्यकर्ता असेल तर उत्तम. आणि डॉक्टरांनाही गळ घालायची की वाक्य त्याच्याकडं बघून बोला. डॉक्टरांच्या तोंडून आलं की तेच मीठ कमी असलेलं कालवण घरात खपतं, हा अनुभव आहे. राग येण्यासारखा आहे, पण उपयोगी आहे. जिथं मारहाण मुळातच आहे तिथं मात्र मिठाचा विषय नंतर. तिथं आधी तिची सुरक्षितता; २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्याला माहीत आहे.

बाकी व्यवहारातलं थोडक्यात. भाकरीच्या, चपातीच्या पिठात आणि भातात मीठ नको. ताटात डावीकडं मीठ वाढायची रीत आहे, ती सोडली तरी पुरे. लिंबाची फोड ठेवा. आमसूल, चिंच, लसूण, जिरं, भाजलेलं खोबरं यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. सैंधव आणि काळं मीठ 'औषधी' म्हणून महाग विकतात, पण तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच, आणि त्यात आयोडीन मिळेल याची खात्री नसते. गरोदर बाईला आयोडीन फार गरजेचं. मीठ कमी खा, पण आयोडीनयुक्त खा.

गरोदर बाईबद्दल आणखी एक. पाय सुजले की घरचे तिचं मीठ तोडतात आणि दवाखाना टाळतात. मीठ तोडून गरोदरपणातलं बी.पी. थांबतं याला आधार नाही. चेहऱ्यावर-हातांवर सूज, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, बी.पी. १४०-९० किंवा जास्त, यातलं काहीही दिसलं तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. झटके येईपर्यंत थांबायचं नाही.

कमी सोडियमचं मीठही बाजारात आलंय. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमध्ये सहाशे खेड्यांत जवळजवळ एकवीस हजार लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला. हे लोक आधी लकवा होऊन गेलेले, किंवा साठीच्या पुढचे आणि बी.पी. असलेले. ज्यांना असं पाव हिस्सा पोटॅशियमवालं मीठ दिलं त्यांच्यात लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे आणखी एक पातेलं न चढवता फायदा होऊ शकतो. पण ज्यांची मूत्रपिंडं बिघडलीत त्यांना हे धोक्याचं आहे, बी.पी.च्या काही गोळ्यांबरोबरही. गरोदर बायकांसाठी आणि मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केलेली नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शिवाय किंमत साध्या मिठाच्या कितीतरी पट. १९३० साली अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय मुंबईत मिठाचा कायदा मोडायला उतरल्या होत्या. तेव्हा प्रश्न मिठावरच्या कराचा होता. आज हे मीठ रेशनवर मिळावं अशी मागणी आपण करायला काय हरकत आहे, याचा विचार व्हावा.

एक अडचणीचा विषय राहिला. आपले बचत गट. पापड, लोणची, सांडगे, मसाले. १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचा उद्योग उभा केला, तेव्हापासून पापड हे बायकांच्या हातातल्या पैशाचं साधन आहे. ते बंद करा असं मी कसं म्हणेन? मीठ कमी केलं तर लोणचं नासतं, पापडखाराशिवाय पापड फुलत नाही. पण पाकिटावर सोडियमचा आकडा आपण मराठीत, ठळक छापू शकतो. मसाल्यांत मीठ न घालता विकू शकतो. सोबत जवसाची, कारळाची बिनमिठाची चटणी ठेवू शकतो. यावर मतभेद होतील, काल चहाच्या वेळीच झाले. ते इथं उघडपणे बोलू.

आता खुर्च्या भिंतीला लावा. मागच्या टेबलावर दोन मशिनं आहेत. बोलायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मग मोजायचं, आपलं, एकमेकींचं. ज्यांना भीती वाटतेय त्यांनी आधी यावं.