मोजमापाची मुभा आणि मध्यस्थाचे काम



कामगार संघटनेच्या माणसाने पदार्थविज्ञानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण रात्रीच्या वाचनातून झालेले. पण आजचा विषय आपल्या ओळखीच्या प्रश्नातूनच निघतो. जागोजागी माप वेगळे असेल, तर हिशेब जुळवायचा कसा?

इलेक्ट्रॉनला घड्याळाच्या काट्यासारखी एक 'कला' असते. तिचे शून्य कोठे धरावे, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. प्रत्येक ठिकाणी आपापले शून्य धरण्याची मुभा दिली, की दोन ठिकाणांचा मेळ घालणारा मध्यस्थ मानावाच लागतो. तो मध्यस्थ म्हणजे विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र. १९२९ साली हेरमान वाइल यांनी हे मांडले.

१९५४ साली अमेरिकेत चेन निंग यांग व रॉबर्ट मिल्स यांनी ही मुभा वाढवली. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही जणू एकाच कणाची दोन रूपे. त्यांपैकी प्रोटॉन कोणाला म्हणावे, हेही जागोजागी ठरू द्या, असे ते म्हणाले. येथे नवीच गोष्ट उद्भवते. काटा आधी दहा अंश फिरवा व मग वीस, किंवा आधी वीस व मग दहा. फरक पडत नाही. पण हातातले पुस्तक आधी पुढे कलंडवून मग उजवीकडे वळवा, आणि नंतर क्रम उलटा करून पाहा; पुस्तक निराळ्याच स्थितीत थांबते. क्रमाच्या या फरकामुळे नवे मध्यस्थ नुसते निरोप्ये राहत नाहीत, ते एकमेकांवरही परिणाम करतात. प्रकाशकणाला स्वतःचा भार नसतो; यांना असतो.

मग या मध्यस्थांचे वस्तुमान किती? प्रिन्स्टनच्या चर्चासत्रात वोल्फगांग पाउली यांनी यांगना हेच खोदून विचारले. उत्तर नव्हते. ते शून्य असेल, तर असे कण कोणाला का दिसले नाहीत? तरीही दोघांनी निबंध छापला, आणि समाधानकारक उत्तर नसल्याचे त्यातच नमूद केले.

पुढे १९६४ साली हिग्ज, ब्राउट, आंग्लेर आदींनी वस्तुमानाची वाट दाखवली. तिच्या आधाराने वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम यांनी हा विचार किरणोत्सर्गातील दुर्बल बलाला लावला. १९८३ साली जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्या बलाचे मध्यस्थ सापडले; त्यांतला डब्ल्यू कण प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड निघाला. हिग्ज कण सापडायला २०१२ साल उजाडले.

मागणीपत्रातले एखादे कलम कच्चे असले, की आपण ते झाकतो, नाहीतर सारा कागदच मागे घेतो. या दोघांनी तिसरा मार्ग धरला. कच्चे कलम कच्चे म्हणून लिहिले आणि कागद सर्वांपुढे ठेवला. म्हणूनच तो पुरा करायला देशोदेशीची माणसे पुढे येऊ शकली.