गांवचा आराखडा आणि शेजार
(महोत्सवाच्या सायंकाळीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं गेलेल्या वर्षांचें गुणगान करावें असा रिवाज आहे. तें काम या पुस्तिकेंत इतरांनीं आमच्याहून चांगलें केलें आहे. आम्हांस आज येणाऱ्या उन्हाळ्याविषयीं आणि येणाऱ्या पावसाविषयीं बोलावयाचें आहे. आणि त्याहून अधिक, सरकारी कचेरीच्या कपाटांत बांधून ठेवलेल्या एका कागदाविषयीं.

आपल्या गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत आलें तें 11 मार्च 1795 च्या लढाईमुळें. त्या दिवशीं माघार घेऊन निजामअलीनें या आपल्या भुईकोट किल्ल्याचा आसरा घेतला. मराठ्यांनीं त्यास वेढलें, आंत अन्नपाण्याचे हाल झाले आणि अखेर त्यास तह करावा लागला. शाळेंतील मुलें विजयाचें वर्णन पाठ करितात, तें योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या तटाजवळून जातांना घोटभर पाण्यासाठीं तळमळणाऱ्या त्या परक्या शिपायांची आठवण होते. बालाघाटाच्या कडेला, पर्जन्यछायेंत वसलेल्या या मुलखास तहानेची ओळख जुनी आहे. 1972 च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेलीं, मिलोची भाकर आणि सुकडी खाऊन जगलेलीं माणसें आज या मंडपांत बसलीं आहेत. त्यांच्या नातवंडांनीं 2012-13 सालीं आणि पुन्हां 2015-16 व 2018 सालीं टँकरच्या मागें हंडे घेऊन धांव घेतली.

अशा मुलखांत संकटाची पूर्वतयारी कोणी करीतच नाहीं, असें नव्हे. 2005 सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वयें प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण असतें. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आराखडा हें प्राधिकरण करितें आणि त्याच धर्तीवर तालुक्यांचे व गांवांचे आराखडे होतात. याशिवाय पाण्याचा टंचाई कृती आराखडा दरवर्षीं होतो. त्याचे तीन भाग असतात: आक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. कोणत्या गांवास कोणत्या महिन्यांत पाणी कमी पडेल, कोणती खासगी विहीर अधिग्रहित करावयाची, टँकर कोठें लावावयाचा, हें सर्व त्यांत आगाऊ लिहिलेलें असतें.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. दीक्षा घेतल्यापासून पुष्कळ वर्षें आम्ही दुष्काळी भागांतच राहिलों. पावसासाठीं प्रार्थना केल्या, धान्य वाटलें, टँकरवाल्यांशीं हुज्जतही घातली. परंतु हा आराखडा कधीं हातीं घेऊन वाचला नव्हता. तो वाचावयास लावलें एका म्हाताऱ्या विधवा बाईनें. पूर्वीं ज्या धर्मग्रामांत आम्ही होतों, तेथें गांवापासून दूर शेतांत एक वस्ती होती. दोन महिने त्या वस्तीवरील सुना रात्रीच्या वेळीं आटलेल्या विहिरींत उतरत, झऱ्यापाशीं बसत आणि वाटीवाटीनें पाणी हंड्यांत भरीत. बाईनें आम्हांस विचारलें, “फादर, आम्हांला दर माणशीं पाणी किती द्यावं, हे सरकारांत कुठं लिवलंय का?” धर्मविद्यालयांत आम्ही लॅटिन शिकलों, तत्त्वज्ञान शिकलों, या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्हांस येत नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कचेरींत गेलों. तेथील कारकुनानें आदरानें बसविलें आणि फाईल पुढें ठेविली. उत्तर तेथें होतें. ग्रामीण भागांत टँकरनें पाणी द्यावयाचें तें दर माणशीं दररोज 20 लिटर या हिशेबानें. बाईच्या घरीं माणसें सहा, म्हणजे 120 लिटर. तिनें तो हिशेब बोटांवर केला, आम्हांस कागद लागला. परंतु खरी गोष्ट पुढेंच होती. त्या यादींत ती वस्तीच नव्हती! मोजणीच्या वेळीं गांवठाणांतील घरें मोजलीं गेलीं आणि शेतांतील अकरा घरें राहून गेलीं. कोणी द्वेषानें वगळलीं, असें आम्हांस वाटलें नाहीं. मोजणारे आले तेव्हां वस्तीवरील सारीं माणसें रानांत होतीं. आणि ज्यांस ठाऊक होतें त्यांपैकीं कोणी सांगितलें नाहीं. न सांगणाऱ्यांत आम्हीही होतों. पुढें ग्रामसभेनें ठराव केला, तहसीलदार व गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी झाली आणि टँकर सुरू झाला. तोंवर मे महिना अर्धा सरला होता.

त्या उन्हाळ्यानंतर योसेफाची कथा आम्ही निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलों. सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशांत धान्य सांठविलें, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले. या दूरदृष्टीवर आम्हीं किती प्रवचनें केलीं असतील! परंतु उत्पत्तीच्या 47 व्या अध्यायांत पुढें काय घडलें, इकडे आमचें लक्ष उशिरां गेलें. लोकांनीं धान्यासाठीं प्रथम पैसा दिला, मग गुरें दिलीं, मग शेतें दिलीं आणि शेवटीं स्वतःस फारोचे दास म्हणून वाहून घेतलें. फारोच्या स्वप्नाचा अर्थ राजवाड्यांत सांगितला गेला. तो शेतकऱ्याच्या अंगणांतही कोणी सांगितला असता, तर त्यानें घरीं चार पोतीं अधिक राखलीं असतीं काय? शास्त्री-पंडितांनीं हा प्रश्न आम्हांस माफ करावा. गांवढ्या धर्मगुरूला असे प्रश्न पडतात.

सांगणाऱ्या माणसानें काय होऊं शकतें, याचा दाखला शोधावयास मिसर देशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्या शिवेपलीकडेच धाराशिव जिल्हा आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन करून लोक झोंपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचें जड माळवद अंगावर येऊन लातूर व धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) या जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं. लष्कर आणि सरकारी मदत पोंचण्यापूर्वीं ढिगाऱ्यांतून जीं माणसें निघालीं, तीं शेजाऱ्यांच्या हातांनीं निघालीं.

पुढें घरें दुरुस्त व मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम सरकारनें आंखला. पैसा होता, नकाशे होते, इंजिनियर होते. परंतु हप्ता कधीं मिळतो, भिंतींत आरपार जाणारा दगड कां बसवावा, हें घरांतल्या बाईस कोण सांगणार? तेव्हां स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानें गांवोगांवच्या महिला मंडळांतून स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांस ‘संवाद सहायक’ असें नांव होतें. सुमारें 1,300 गांवांत हें काम चाललें. या स्त्रिया कचेरींतला कागद समजून घेत, तो उंबऱ्यापर्यंत नेत आणि उंबऱ्यावरची तक्रार परत कचेरीपर्यंत आणीत. 2001 सालीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां याच भागांतील स्त्रिया तेथील स्त्रियांस अनुभव सांगण्यास गेल्या. ज्यांनीं पूर्वीं तालुक्याबाहेर पाऊल टाकलें नव्हतें, त्या परप्रांतीं जाऊन भिंत कशी बांधावी हें सांगूं लागल्या. आम्हांस या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, जरी त्यांत आमचें कांहींच कर्तृत्व नाहीं.

आणि जामखेडचें उदाहरण तर आपल्या घरचेंच. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें 1970 सालीं तेथें आरोग्याचें काम सुरू केलें, तेव्हां या भागांत हजार बालकांमागें 176 बालकें वर्षाच्या आंत दगावत होतीं. त्यांनीं गांवांतल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या. जामखेडास शिकावयाचें आणि गांवीं परतून शेजारणीस सांगावयाचें, एवढ्या साध्या रीतीनें बालमृत्यू कित्येक पटींनीं घटले. त्या आरंभीच्या दुष्काळांत कूपनलिका घ्यावयाच्या होत्या, त्या त्यांनीं बुद्ध्या दलितवस्तीच्या बाजूस घेतल्या. पाणी हवें असेल त्यानें तिकडे यावें! आराखड्यांत एखादी रेघ कोठें ओढावी, याला इतका अर्थ असतो.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. 2025 च्या सप्टेंबरांत सीना नदीस महापूर आला आणि शेजारच्या परांडा तालुक्यांत लोकांस हेलिकॉप्टरनें उचलावें लागलें. ज्या मुलखांत पाण्यासाठीं भांडणें होतात, त्याच मुलखांत पाणी माणसांस छपरावर चढवितें. म्हणून आपला आराखडा केवळ दुष्काळाचा असून चालणार नाहीं. ओढ्यांना पूर आला तर कोणतीं घरें आधीं रिकामीं करावयाचीं? कोणती शाळा निवाऱ्यासाठीं उघडावयाची, आणि तिची किल्ली कोणापाशीं असते? (किल्लीचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु मध्यरात्रीं किल्लीवाला सासुरवाडीस गेलेला असतो.) वळवाच्या आणि परतीच्या पावसांत वीज पडून शेतांत माणसें मरतात. पुण्याच्या संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ नांवाचें ॲप विजेचा इशारा आगाऊ देतें. तें तरुणांच्या मोबाईलवर असेल, परंतु झाडाखालीं जेवावयास बसलेल्या मजूर बाईपाशीं नसतें. तिला हांक कोणी मारावयाची, हें ठरलें पाहिजे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, रुग्णवाहिकेचा 108. हे दोन आंकडे प्रत्येक घराच्या दाराआड खडूनें लिहून ठेवा, असें आम्ही आज सांगत आहों. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्याकडून तोंडपाठ करवून घ्या. आमच्या म्हाताऱ्या बायांस संपूर्ण रोझरी पाठ आहे, त्यांस सात आंकडे जड नाहींत.

कित्येक जण म्हणतील, “फादर, हें काम सरपंचांचें, तलाठ्यांचें. देवळाचा यांत काय संबंध?” सरपंचांचें काम आहे, हें खरें. परंतु ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरते आणि तेथें आराखडा मागण्याचा अधिकार आपणां प्रत्येकास आहे. नगरजवळच्या हिवरे बाजारास यंदा पाऊस किती पडला, पाणी किती मुरलें, म्हणून कोणतें पीक घ्यावयाचें व कोणतें नाहीं, हा जमाखर्च ग्रामसभेंत सर्वांसमक्ष मांडला जातो. तेथील लोक आपल्याहून हुशार जन्मास आले नाहींत. त्यांस हिशेब ऐकण्याची संवय लागली आहे. आपल्याकडे ग्रामसभेस जाणारे किती, हें आम्ही येथें मोजून दाखवीत नाहीं. महोत्सवाचा दिवस आहे.

एक सूचना आम्ही निश्चयानें करितों. ही माहिती केवळ आपल्या देवळांत येणाऱ्यांपुरती ठेवूं नये. मशिदीलगतची आळी, माळावरील पालें, ऊसतोडीस गेलेल्यांच्या मागें राहिलेले म्हातारे आणि मुलें, हीं सर्व आपल्याच यादींत आलीं पाहिजेत. पालांतील माणसांचा तर कोणत्याच यादीशीं संबंध येत नाहीं. टँकर कोणाच्या दारीं आधीं थांबतो, यावरून गांवोगांव काय काय घडतें, तें आपण सर्व जाणतों. त्याचा उच्चार आज करीत नाहीं.

येत्या रविवारीं मिस्सा झाल्यावर शाळेच्या पडवींत आराखड्याची प्रत मोठ्यानें वाचून दाखविली जाईल. वाचणारे आम्ही नसूं. महिला मंडळांतील दोन भगिनी वाचतील, कारण मागील आठवड्यांत त्यांनीं तो आमच्याहून बारकाईनें समजून घेतला आहे. अन्य धर्मांच्या ग्रामस्थांनींही यावें; चहाची व्यवस्था केली आहे. त्यानंतर दोन-दोन जणांनीं एकेका आळींत जाऊन तीन गोष्टी लिहून आणावयाच्या: घरांत माणसें किती, त्यांपैकीं स्वतः चालूं न शकणारे कोण, आणि भिंत मातीची कीं विटांची. आमच्या वाट्यास किल्ल्यामागची बाजू आली आहे. तेथील चौदा घरें झालीं. ओढ्यापलीकडचीं राहिलीं आहेत, आणि तेथें कुत्रीं फार आहेत असें समजतें, म्हणून बरोबर येण्यास कोणी धीट तरुण असल्यास त्यानें भाषण संपल्यावर आम्हांस भेटावें.