अर्जुनाची साल आणि बीपीची गोळी

आपल्या ब्रह्मपुरीपासून वैनगंगा ओलांडली की आरमोरी. तिकडे अर्जुनाच्या पानांवर कोशाच्या अळ्या वाढवतात, आणि त्याच झाडाच्या सालीचा काढा घरोघरी हार्टसाठी उकळतो. पण त्यानं अटॅक टळतो का?

दिल्लीच्या एम्सनं हार्ट फेल्युअरच्या १०० पेशंटवर चाचणी केली, २०१६ मध्ये ती छापून आली. नेहमीच्या गोळ्या सुरूच. वरून काहींना सालीचा अर्क, काहींना नुसती तशीच दिसणारी गोळी. १२ आठवड्यांनी हृदयाच्या पंपिंगमध्ये फरक नाही! आणि अटॅक टळतो का, हे तर यात तपासलंच नव्हतं.

काढ्याच्या भरवशावर बाबांनी बीपीची गोळी सोडली नाही ना? आजच विचारा. छातीत दाब, घाम, डावा हात जड वाटला, तर चुलीवर साल नको. आधी १०८ लावा.