घाटाची उतरण आणि नवा मोटारचालक



ज्या तरुण श्रोत्यांच्या हाती नुकताच मोटार चालवण्याचा पक्का परवाना पडला आहे, त्यांच्याशीच आज मी मुख्यत्वे बोलणार आहे. कारण वैशाख सरता सरता मृगाचे वेध लागतील आणि पहिल्या पावसाची ओढ त्यांना ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांकडे नेल्यावाचून राहणार नाही. परवाना देणारा अधिकारी गाडी मागे घेता येते की नाही, वळताना इशारा दिला जातो की नाही, याची शहानिशा करतो. चढावर थांबवलेली गाडी पुन्हा हलवून दाखवा, असेही कोठे कोठे फर्मावतो. परंतु दोन-तीन कोसांची सलग उतरण उतरून दाखवा, असे उमेदवारास सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. ती परीक्षा प्रत्यक्ष घाटच घेतो.

१८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या अमदानीत बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांस खुला झाला. तेव्हापासून वाहनांची जात पार पालटली, उताराचा स्वभाव मात्र तसूभरही पालटलेला नाही. बाराशे किलो वजनाची मोटार खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे पाचशे मीटर खाली येते तेव्हा गुरुत्वाकर्षणाने दिलेली सारी शक्ती कोठे तरी जिरवावी लागते. आणि ती जर केवळ ब्रेकांनीच जिरवायची ठरवली, तर पंधरा लिटर पाणी उकळीस यावे इतकी उष्णता त्या चार चाकांपाशी उत्पन्न होते. मग जळका वास येऊ लागतो आणि पायाखालचा ब्रेक दाबूनही गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. ‘ब्रेक लागलाच नाही’ या अपघातानंतरच्या उद्गारामागे पुष्कळदा यंत्राचा दोष नसून उतरणभर ब्रेकवर ठेवलेला पाय असतो.

यास्तव ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा दंडक मी शिरोधार्य मानतो. उतार लागण्यापूर्वीच वेग कमी करून दुसरा किंवा तिसरा गिअर घालावा. इंजिनाचा आवाज चढेल, त्याने बिचकून क्लच दाबू नये, कारण तो आवाज गाडी रोखून धरल्याचीच ग्वाही असते. ज्यांची गाडी स्वतःच गिअर बदलते त्यांनी तिच्यातील खालच्या गिअरची सोय आधीच पाहून ठेवावी. इंधन वाचवण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलला टाकणे, किंवा त्याहून भयंकर म्हणजे इंजिनच बंद करणे, हा तर निव्वळ आत्मघात होय; बंद इंजिनाच्या गाडीत ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-चार दाबांतच संपते आणि चक्रही जड होते.

ओल्या रस्त्यावर हाच विषय अधिक गंभीर होतो. पहिल्या सरींत महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि सांडलेले तेल यांचा निसरडा थर पसरतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते, म्हणजे संकट दिसून पाय हलेपर्यंतच ते अंतर खर्ची पडते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. नव्या गाड्यांत जोराने ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवते. ती चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची थरथर असते. नवा चालक घाबरून नेमका तेव्हाच पाय उचलतो, आणि ते त्याने कदापि करू नये.

धुक्यात चालत्या गाडीच्या चारही इशाराबत्त्या लुकलुकत ठेवण्याची प्रथा बोकाळली आहे. तिने आपण कोणीकडे वळणार हेच मागच्यास कळेनासे होते. डिपरवर ठेवलेले दिवे आणि मंद गती पुरेशी आहे, आणि दिसेनासेच झाले तर रस्त्याबाहेरची सुरक्षित जागा पाहून थांबावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनास अग्रहक्क असतो, असा कायदा आहे आणि त्यास सबळ कारण आहे: भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की त्यास पुन्हा हलवणे दुष्कर असते. तेव्हा उतरणाऱ्याने बाजू घेऊन उभे राहावे. त्यात कोणताही कमीपणा नाही.

माझी कळकळीची विनंती एवढीच की पावसापूर्वी टायरची नक्षी आणि वायपरचे रबर तपासून घ्या, एखाद्या आडवारी, दिवसाउजेडी, जाणत्या माणसास शेजारी बसवून कोरड्या घाटातून दोन-तीन वेळा उतरा, आणि त्या फेरीत पोहोचण्याची घाई असलेल्या कोणासही सोबत घेऊ नका.